शेवटची गोळी कोणाच्या हातून? : वेस्टर्न प्रणयकथेतील क्वेकर नायिका

१. प्रास्ताविक

लोकप्रिय वाङ्मयप्रकारांचा विचार आपल्याकडे बहुधा दोन प्रकारे होतो. एकतर निव्वळ करमणूक म्हणून त्यांना अभ्यासकक्षेबाहेर ठेवले जाते, किंवा समाजशास्त्रीय पुरावा म्हणून त्यांचा उपयोग करून त्यांच्या रचनेकडे दुर्लक्ष केले जाते. या दोन्ही दृष्टींतून एक महत्त्वाची गोष्ट निसटते. साचेबंद कथाप्रकारात त्या साच्याचा पायाच अमान्य करणारे पात्र आणून बसवले, तर साचा त्या पात्राला सामावून कसा घेतो, हे तपासण्याची संधी अशा कथा देतात. प्रस्तुत लेखात अशाच एका योजनेचा विचार करायचा आहे.

अमेरिकन ‘वेस्टर्न’ या प्रकाराचा शेवट बंदुकीने होतो. नायक आणि प्रतिनायक समोरासमोर येतात आणि गोळीने निर्णय लागतो. ‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’ अर्थात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायी मात्र कोणत्याही कारणासाठी शस्त्र उचलणे निषिद्ध मानतात. पिस्तूल हीच ज्याची ओळख आहे असा पुरुष अशा स्त्रीच्या प्रेमात पडला, तर कथेने शेवट कसा करावा? पुरुषाने पिस्तूल ठेवले तर प्रेम खोटे ठरते आणि टाकले तर प्रकार मोडतो. हा पेच अभ्यासण्यासाठी येथे मुख्यतः ‘एंजल अँड द बॅडमन’ (१९४७) हा चित्रपट घेतला असून ‘हाय नून’ (१९५२) या चित्रपटाशी त्याची तुलना केली आहे. चित्रपटाचे माध्यम दृश्य असले, तरी येथे त्याचा विचार कथनात्म संहिता म्हणून केला आहे.

२. प्रकाराचा संकेतव्यूह आणि स्त्रीचे स्थान

ओवेन विस्टर यांच्या ‘द व्हर्जिनियन’ (१९०२) या कादंबरीने वेस्टर्नचा संकेतव्यूह बऱ्याच अंशी स्थिर केला. तिच्यातील मॉली वुड ही व्हरमाँटहून वायोमिंगमध्ये आलेली शिक्षिका. लग्नाच्या आदल्या दिवशी नायक ट्रॅम्पासशी द्वंद्वाला निघतो, तेव्हा ती त्याला अडवते. तो गेला तर आपले नाते संपले, असे बजावते. नायक जातो आणि ट्रॅम्पासला मारून परततो. तो जिवंत आहे या आनंदात मॉलीचा निर्धार विरून जातो. स्त्रीने आक्षेप घ्यायचा, पुरुषाने तो ऐकून घ्यायचा आणि घटनेने तो निकालात काढायचा, हा क्रम येथून रूढ झाला. झेन ग्रे यांच्या ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ (१९१२) या कादंबरीत जेन विदरस्टीन ही मॉर्मन स्त्री लॅसिटर या बंदूकबाजाला शस्त्र सोडण्यासाठी विनवते. तिच्या विनवणीमागे श्रद्धा आहे, तरीही कथेची गती तिला अनुकूल नाही. ‘हेल्स हिंजेस’ (१९१६) या विल्यम एस. हार्टच्या मूकपटात धर्मोपदेशकाच्या बहिणीमुळे एक गुंड पालटतो, परंतु पालटलेला हा माणूस अखेरीस ते पापी गाव जाळून टाकतो. म्हणजे हृदयपरिवर्तनाने हिंसा संपत नाही, तिला फक्त एक पवित्र कारण मिळते.

जेन टॉम्पकिन्स यांनी ‘वेस्ट ऑफ एव्हरीथिंग’ (१९९२) या ग्रंथात या क्रमाचा एक अन्वयार्थ मांडला आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत स्त्रियांनी लिहिलेल्या, घर आणि धर्मश्रद्धा यांना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या कादंबऱ्या अतिशय लोकप्रिय होत्या. वेस्टर्न हा त्या परंपरेला पुरुषांनी दिलेला प्रतिसाद होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणूनच या प्रकारात शब्दांवर अविश्वास असतो. बोलणे हे स्त्रीचे आणि कृती ही पुरुषाची, अशी विभागणी त्यात गृहीत असते. ही मांडणी मोलाची आहे. मात्र नायिका क्वेकर असते तेव्हा ती पुरेशी पडत नाही, असे मला वाटते. मॉलीचा आक्षेप तिच्या संस्कारांतून आणि भीतीतून येतो. क्वेकर स्त्रीच्या आक्षेपामागे एका समुदायाचा शतकांचा आचार उभा असतो. तो ‘बायकी’ म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण तिच्या घरातील पुरुषांचाही तोच आचार असतो.

३. क्वेकर परंपरा : काही आवश्यक संदर्भ

जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) यांनी सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये या पंथाचा पाया घातला. प्रत्येक माणसाच्या अंतरी ईश्वराचा प्रकाश आहे आणि त्याच्याशी संवाद साधायला पुरोहिताची गरज नाही, ही त्यांची मूळ श्रद्धा. एकदा ती मान्य केली की पुढचे सर्व ओघाने येते. ज्याच्यात ईश्वराचा अंश आहे त्याला मारता येत नाही. सर्वांत तो सारखाच आहे म्हणून न्यायाधीशापुढेही टोपी काढायची नाही. सत्य नेहमीच बोलायचे असल्याने न्यायालयात वेगळी शपथ घ्यायची नाही. राजा दुसरा चार्ल्स गादीवर आल्यानंतर क्वेकरांनी सर्व युद्धांना आणि शस्त्रांना नकार देणारे निवेदन त्याला सादर केले. जुन्या दिनगणनेनुसार ते १६६० चे आहे. या आचारापायी अनेकांनी तुरुंगवास भोगला.

स्त्रियांच्या बाबतीत या पंथाची भूमिका त्या काळाच्या मानाने असामान्य होती. मार्गारेट फेल यांनी १६६६ मध्येच स्त्रियांच्या धर्मसभेत बोलण्याच्या अधिकाराचे समर्थन करणारी पुस्तिका लिहिली. अमेरिकेत १८४८ च्या सेनेका फॉल्स येथील स्त्रीहक्क परिषदेत पुढाकार घेणाऱ्या ल्युक्रेशिया मॉट क्वेकर होत्या. तेव्हा पडद्यावरची क्वेकर मुलगी न लाजता आपले मन बोलून दाखवते, त्यामागे एक परंपरा आहे हे ध्यानी घ्यावे लागते.

मराठी वाचकाला हा पंथ अगदीच अपरिचित नाही. महात्मा गांधींचे स्नेही होरेस अलेक्झांडर क्वेकर होते, तर सेवाग्राममध्ये नयी तालीमच्या कार्यात सहभागी झालेल्या मार्जरी साइक्स याही त्याच पंथाच्या. या पंथाच्या ब्रिटिश आणि अमेरिकन सेवासंस्थांना १९४७ चा नोबेल शांतता पुरस्कार विभागून मिळाला. ‘एंजल अँड द बॅडमन’ त्याच वर्षी प्रदर्शित झाला, हा योगायोगच. मात्र महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या प्रेक्षकापुढे शस्त्रत्यागाचा प्रश्न ठेवला जात होता, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

४. ‘एंजल अँड द बॅडमन’ : रिकामे पिस्तूल

जेम्स एडवर्ड ग्रँट यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा चित्रपट जॉन वेनची निर्माता म्हणून पहिली कृती. क्वर्ट एव्हान्स हा जखमी बंदूकबाज वर्थ या क्वेकर कुटुंबाच्या शेतावर येऊन कोसळतो. ‘क्वर्ट’ या शब्दाचा अर्थ घोडेस्वाराचा आखूड चाबूक असा आहे. ‘वर्थ’ म्हणजे मोल. नावांची ही योजना सरळसोट आहे, आणि लोकप्रिय प्रकारात असे होणे स्वाभाविकच. वर्थ दांपत्य आणि त्यांची मुलगी पेनलोपी त्याची शुश्रूषा करतात. हा कोण आहे हे कळल्यावर, त्याला लवकर घालवा असा सल्ला डॉक्टर देतो. ते तो मानत नाहीत. तापाच्या भरात क्वर्ट आपल्या जुन्या प्रेयसींची नावे बरळतो, पेनलोपी ती ऐकते आणि त्याच्या प्रेमात पडते.

चित्रपटाचा पहिला महत्त्वाचा प्रसंग येथून तीन आठवड्यांनी घडतो. लॅरेडो स्टीव्हन्स हा त्याचा वैरी साथीदारासह शेतावर येतो. क्वर्ट घाईने पिस्तूल हाती घेतो, तर ते रिकामे आहे. घरच्यांनी त्यातल्या गोळ्या आधीच काढून टाकल्या आहेत. पर्याय नसल्याने तो तेच रिकामे पिस्तूल दाराकडे रोखून शांतपणे बसून राहतो. लॅरेडो ते भरलेले आहे असे समजून सौद्याला तयार होतो. जमिनीच्या हक्काची किंमत २०,००० डॉलर ठरते, त्यांपैकी ५,००० तो सोन्यात तिथेच चुकते करतो आणि उरलेल्यांसाठी, अंगात बळ आले की ये, असे आव्हान देऊन निघून जातो.

वरवर पाहता हा चातुर्याचा प्रसंग आहे. संरचनेच्या दृष्टीने मात्र संपूर्ण चित्रपटाचा प्रश्न त्यात सामावला आहे. पिस्तुलाची सत्ता गोळीत नसून समोरच्याच्या समजुतीत आहे, हे येथे सिद्ध होते. त्याचबरोबर दुसरीही गोष्ट सिद्ध होते. ही समजूत निर्माण झाली ती क्वर्टच्या पूर्वीच्या हत्यांमुळे. शस्त्र रिकामे असले तरी त्याच्या मागचा इतिहास भरलेला आहे. त्यामुळे हा अहिंसेचा विजय म्हणता येत नाही. जुन्या हिंसेच्या पतीवर मिळालेली ही उधारी आहे. हे उधारीचे सूत्र चित्रपटात पुढेही दिसते.

कार्सन हा शेजारचा जमीनदार ओढ्याला बांध घालून वर्थ कुटुंबाच्या पाटाचे पाणी तोडतो. क्वेकर कुटुंब भांडत नाही आणि शेत सुकत जाते. क्वर्ट जाऊन नुसता समोर उभा राहतो. त्याच्या कीर्तीच्या दहशतीने कार्सन पाणी सोडतो. प्रसंग एवढ्यावरच थांबला असता तर हिंसेच्या धाकाने न्याय मिळाला, असे म्हणून तो निकालात काढता आला असता. परंतु पुढे कार्सन वर्थ यांच्या घरी येतो, तेथे त्याचे दुखणे पाहिले जाते, त्याला पोटभर जेवू घातले जाते आणि वैर विरघळते. धाकाने पाणी आले, पण शेजारी मिळाला तो पाहुणचाराने. दोन्ही मार्ग शेजारीशेजारी ठेवून प्रत्येकाचे फळ वेगळे दाखवण्याची ही पद्धत सूक्ष्म आहे. पुढे क्वेकरांच्या सभेत, हे वैर मिटवल्याबद्दल, क्वर्टला बायबलची प्रत भेट दिली जाते. धाकाचा वाटा त्या साध्या माणसांना ठाऊक नाही, त्याला मात्र तो ठाऊक आहे. न मिळवलेल्या मानाचे ओझे वाहणारा हा माणूस येथून खऱ्या अर्थाने अस्वस्थ होऊ लागतो.

वर्थ यांच्या घरात भिंतीवर एक वचन टांगलेले आहे. माणसाच्या अंतःस्थ अखंडतेला इजा होते ती त्याच्या स्वतःच्याच कृतीने, दुसऱ्याच्या कृतीने होत नाही, असा त्याचा आशय. क्वर्टला हे कोडे वाटते. मारणारा स्वतःलाच इजा करतो, अशा अर्थाचे स्पष्टीकरण पेनलोपी देते. पुढे चित्रपट या वचनाची कठोर परीक्षा घेतो. लॅरेडोची माणसे या दोघांच्या गाडीचा पाठलाग करतात, गाडी कड्यावरून नदीत कोसळते आणि पेनलोपी मरणाच्या दारात पोहोचते. आता क्वर्टला ते वचन पोकळ वाटते. तो पिस्तूल बांधून गावाकडे निघतो.

५. संबोधनाचा प्रश्न : मराठी अभ्यासकासाठी एक टिपण

वर्थ कुटुंब सर्वांना इंग्रजीतील ‘दी’ या जुन्या एकवचनी सर्वनामाने संबोधते. हा तपशील केवळ वातावरणनिर्मितीचा नाही. मराठी वाचकाच्या लक्षात त्याचे मर्म इतरांपेक्षा लवकर यावे, कारण आपल्या भाषेत हा प्रश्न अजून जिवंत आहे.

सतराव्या शतकातील इंग्रजीत ‘यू’ हे अनेकवचन आदरार्थी वापरले जाई, तर ‘दाऊ–दी’ ही रूपे जवळच्या किंवा खालच्या दर्जाच्या व्यक्तीसाठी असत. क्वेकरांनी सर्वांनाच एकवचनी संबोधायचे ठरवले. एका माणसाला अनेकवचन लावणे हे असत्य आणि वर खुशामत, अशी त्यांची धारणा होती. मराठीत सांगायचे तर ते न्यायाधीशालाही ‘तू’ म्हणू लागले. लोकांना हा उर्मटपणा वाटला आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. पुढे इंग्रजीत ‘दाऊ’ रोजच्या व्यवहारातून गेले आणि प्रार्थनेत व बायबलात उरले. परिणामी तोच क्वेकर ‘तू’ कालांतराने पवित्र आणि सौम्य वाटू लागला. १९४७ च्या प्रेक्षकाला पेनलोपीच्या तोंडी तो शब्द देवघरातला वाटला असणार. त्यातील बंडखोरी झिजून गेली होती.

या संवादांचा मराठी अनुवाद करायचा झाल्यास काय करावे? आपला ‘तू’ देवाला, आईला, मित्राला, लेकराला आणि हाताखालच्या माणसाला असा एकाच वेळी चालतो. संतकाव्यात विठ्ठलाला ‘तू’ म्हणण्यात सलगीही आहे आणि भक्तीही. मालवणी बोलीत वडीलधाऱ्यांनाही सहज ‘तू’ म्हटले जाते. प्रमाण मराठीत मात्र तरुण मुलीने परक्या पुरुषाला पहिल्याच भेटीत ‘तू’ म्हटले, तर त्यातून एकतर जवळीक सूचित होते किंवा तुच्छता. सगळ्या क्वेकर पात्रांच्या तोंडी ‘तुम्ही’ घातले तर सौजन्य टिकते, पण समतेचा आग्रह हरवतो. जुन्या वळणाची मराठी वापरली तर पात्रे पौराणिक नाटकातली वाटू लागतील. माझ्या मते, क्वेकर पात्रांनी डॉक्टर, मार्शल, जमीनदार, गुंड या सर्वांना सरसकट ‘तू’ म्हणावे आणि इतर पात्रांनी परस्परांशी प्रचलित ‘तुम्ही’ राखावे, हा मार्ग अधिक योग्य. असे केल्यास मराठी वाचकाला आधी धक्का बसेल. मग हे सर्वांशी सारखेच बोलतात हे उमजेल. इंग्रजी ‘दी’ने तोवर गमावलेली मूळ धार अशा मराठी अनुवादात परत मिळू शकते.

याचा प्रणयकथेशी थेट संबंध आहे. पेनलोपी क्वर्टला पहिल्या दिवसापासून ज्या सर्वनामाने हाक मारते, त्याच सर्वनामाने ती आई-वडिलांशीही बोलते. त्यामुळे तिच्या भाषेत परका माणूस नाहीच. क्वर्टचे जग परके आणि आपले, शत्रू आणि सोबती यांच्या भेदावर उभे आहे. पिस्तूल टाकण्याच्या कितीतरी आधी त्याला या भाषेने त्या भेदाबाहेर नेलेले असते. टॉम्पकिन्स यांच्या म्हणण्याप्रमाणे वेस्टर्नमध्ये शब्द दुबळे असतात. येथे मात्र एक सर्वनाम एखाद्या कृतीइतके काम करते.

६. शेवट : पात्राचा निर्णय आणि कथानकाची सोय

क्वर्ट गेल्यावर पेनलोपीचा ताप उतरतो. ती आई-वडिलांसह गाडीतून गावात येते. लॅरेडोची वाट पाहत उभ्या असलेल्या क्वर्टपाशी जाते आणि तो पिस्तूल तिच्या हाती देतो. तेवढ्यात लॅरेडो आणि त्याचा साथीदार बाहेर येतात, निःशस्त्र क्वर्टवर नेम धरतात आणि मार्शल मॅक्लिंटॉक त्या दोघांना गोळ्या घालतो. क्वर्ट वर्थ कुटुंबाच्या गाडीतून शेतीकडे निघून जातो. मागे राहिलेले पिस्तूल मार्शल उचलतो. याची त्याला गरज पडेल, असे कुणी म्हणताच तो उत्तरतो की, पिस्तुलाची गरज पिस्तूल बाळगणाऱ्यालाच पडते.

या शेवटावर घेता येणारा आक्षेप उघड आहे. नायकाचे हात स्वच्छ राहिले, नायिकेचे व्रत टिकले आणि तरीही प्रेक्षकाला हवी असलेली गोळी झाडली गेलीच. फक्त हात बदलला. वर उल्लेखिलेली उधारी येथे मार्शलच्या खात्यावर पडते. ज्या शेतीकडे हे जोडपे निघाले आहे, तिची शांतता दुसऱ्याच्या बंदुकीने राखलेली आहे.

हा आक्षेप मान्य करूनही येथे एक भेद करणे आवश्यक आहे. पात्राचा निर्णय आणि कथानकाची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिस्तूल पेनलोपीच्या हाती देताना मार्शल वेळेवर गोळी झाडील, याची क्वर्टला कल्पना नाही. वैरी येणार आहे आणि आपण निःशस्त्र आहोत, एवढेच त्याला ठाऊक आहे. म्हणजे त्याने मरण पत्करले आहे. पात्राच्या पातळीवर अहिंसेची किंमत पूर्ण चुकती झालेली आहे. कथानकाने ती नंतर परत केली. रिकाम्या पिस्तुलाच्या प्रसंगाशी तुलना केली म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. तेथे शस्त्र नाही हे तो लपवतो, येथे ते उघड करतो. तेथे त्याचे रक्षण त्याच्या कीर्तीने केले होते, येथे त्याने ती कीर्तीही टाकून दिली आहे. त्याच्यातील बदल या दोन प्रसंगांमधल्या अंतराने मोजता येतो.

शिवाय हा शेवट निव्वळ हॉलिवूडची पळवाट आहे, असे इतिहास पाहता म्हणता येत नाही. विल्यम पेन यांनी १६८२ पासून पेनसिल्व्हेनियात क्वेकर तत्त्वांवर वसाहत उभारली. सीमेवर युद्ध पेटले तेव्हा, १७५६ मध्ये, अनेक क्वेकर प्रतिनिधींनी तेथील विधिमंडळाचे राजीनामे दिले. युद्धाला मत देणे त्यांना शक्य नव्हते. युद्ध मात्र थांबले नाही, ते इतरांनी चालवले. स्वतःचे व्रत राखताना बंदूक दुसऱ्याच्या हाती जाते, हा अनुभव या समुदायाच्या इतिहासातच आहे. हा चित्रपट ती कोंडी सोडवत नाही, पण तिचा आकार नेमका रेखाटतो. ते रेखाटणे कितपत जाणीवपूर्वक आहे, हा प्रश्न वेगळा. मार्शलच्या अखेरच्या उद्गारातला उपरोध पाहता ते अगदीच अजाणता झाले, असे वाटत नाही. गरज पिस्तूल बाळगणाऱ्यालाच पडते, असे म्हणणारा माणूस स्वतः पिस्तूल बाळगून आहे, आणि ते त्याने नुकतेच चालवले आहे.

७. ‘हाय नून’ : हात बदलण्याची दुसरी रीत

फ्रेड झिनेमन दिग्दर्शित ‘हाय नून’ मध्ये हाच पेच उलट बाजूने येतो. विल केन हा मार्शल सकाळी पदत्याग करून एमी या क्वेकर तरुणीशी विवाह करतो. त्याच वेळी फ्रँक मिलर हा सुटलेला गुन्हेगार दुपारच्या गाडीने सूड उगवायला येत असल्याची वार्ता येते. केन थांबतो, एमी स्टेशनकडे जाते. गावातले एकेक जण मदत नाकारतात. गोळीचा पहिला आवाज येताच ती गाडीतून उतरून धावत येते आणि नवऱ्यावर नेम धरणाऱ्या एका गुंडाला खिडकीतून पाठीत गोळी घालते. पुढे मिलर तिला पकडतो तेव्हा ती त्याचा चेहरा ओरबाडते आणि त्या क्षणाचा फायदा घेऊन केन त्याला ठार करतो. जॉन डब्ल्यू. कनिंगहॅम यांच्या ज्या कथेवर हा चित्रपट आधारित आहे, तिच्यात ही क्वेकर वधू नाही. पटकथाकार कार्ल फोरमन यांनी ती निर्माण केली, यावरून या पात्राचे रचनात्मक महत्त्व ध्यानी येते.

या शेवटाचे सर्वसाधारण स्पष्टीकरण असे असते, की एमीला अहिंसेची अव्यवहार्यता उमगली. हे स्पष्टीकरण चित्रपटातील पुराव्याशी जुळत नाही. एमी जन्माने क्वेकर नाही. तिचे वडील आणि भाऊ गोळीबारात मारले गेले. ते न्याय्य बाजूला होते, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. त्या दुःखातून ती या पंथाकडे वळली, असे ती स्वतः हेलन रामिरेझला सांगते. तिच्या या युक्तिवादाला चित्रपटात कोणीही उत्तर देत नाही. तिचा विचार खोडला जात नाही. एक घटना तिच्यापुढे येऊन उभी राहते, इतकेच. ती गोळी झाडते तेव्हा ज्या मृत्यूपासून ती पळाली होती, त्याच मृत्यूची ती कर्ती होते. नंतर ती एक शब्दही बोलत नाही आणि तिला कोणी काही विचारत नाही. केन आपले पदचिन्ह धुळीत टाकतो आणि दोघे निघून जातात. मॉली वुडच्या शरणागतीत आनंद होता. येथे तो नाही.

म्हणजे १९४७ मध्ये कथानकाने पात्राचे व्रत वाचवले आणि किंमत राज्यसंस्थेवर टाकली. १९५२ मध्ये राज्यसंस्थेचा प्रतिनिधी एकटा पडलेला असल्याने किंमत व्रतस्थ स्त्रीलाच द्यावी लागली. दोन्हीकडे शेवटच्या झटापटीतील निर्णायक गोळी हात बदलून येते. विशेष म्हणजे केनची भूमिका करणारे गॅरी कूपर १९२९ च्या ‘द व्हर्जिनियन’ या बोलपटाचे नायक होते, आणि पुढे ‘फ्रेंडली पर्सुएशन’ (१९५६) मध्ये त्यांनी यादवी युद्धातील क्वेकर कुटुंबप्रमुख रंगवला. एकाच नटाच्या कारकिर्दीत या प्रश्नाच्या तीन अवस्था पाहायला मिळतात.

८. समारोप

आपल्या परंपरेत वाल्याचा वाल्मीकी होतो, अंगुलिमाल भिक्षू होतो. या कथांत परिवर्तनानंतर जुने वैरी दारात येऊन उभे राहिले तर काय, हा प्रश्न अंगुलिमालाच्या बाबतीत तरी टाळलेला नाही. भिक्षू झाल्यावर त्याला लोकांचे दगड खावे लागतात. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या, ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरील चित्रपटातही बाजारात मार खाणारे कैदी उलट हात उचलत नाहीत आणि अखेरीस त्यांचा जेलर प्राण गमावतो. येथे किंमत परिवर्तन घडवणाऱ्याने स्वतः चुकती केली आहे, ती दुसऱ्याच्या हाती सोपवलेली नाही. वेस्टर्नला हा मार्ग परवडत नाही, कारण नायक जिवंत राहून प्रणय सफल व्हावा, ही त्या प्रकाराची अट आहे. पुढे ‘विटनेस’ (१९८५) या चित्रपटाने ॲमिश विधवा आणि पोलीस अधिकारी यांची कथा मांडताना ही अटच सोडली. त्यात दोघे वेगळे होतात आणि प्रत्येकजण आपापल्या जगात परततो.

या विवेचनातून एवढे म्हणता येईल, की क्वेकर नायिका ही वेस्टर्नमधील सौम्य शोभेची वस्तू नाही. त्या प्रकाराने स्वतःलाच विचारलेला तो प्रश्न आहे, आणि प्रत्येक कृती त्याला जे उत्तर देते ते ‘शेवटची गोळी कोणाच्या हातून सुटली’ एवढ्याच तपशिलात शोधावे लागते. हृदयपरिवर्तनाची कथा अभ्यासताना आपले लक्ष साहजिकच पालटणाऱ्या पात्रावर खिळते. त्याच्या परिवर्तनाची किंमत कथानकाने कोणाकडून वसूल केली, हेही तपासले पाहिजे. विनोबांपुढे १९६० मध्ये चंबळच्या दरोडेखोरांनी शस्त्रे खाली ठेवली, त्या घटनेवरील आणि तत्सम विषयांवरील आपल्या लेखनालाही हा प्रश्न विचारता येईल. अशी उत्तरे एकत्र मांडली, तर अहिंसेविषयी आपली कथात्म कल्पनाशक्ती कोठवर गेली आणि कोठे थबकली, याचा आलेख हाती येऊ शकेल.